परवानगी देताना कारण सांगावं लागत नाही

महाराष्ट्रात एखाद्या बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हे महापालिका ज्या कायद्याने ठरवते तो १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. बिल्डर, आर्किटेक्ट, वकील सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. त्याच्या ४५ व्या कलमात एक तरतूद आहे. परवानगी नाकारली किंवा अटी घालून दिली, तर त्याची कारणं आदेशात लिहावी लागतात. सरळ परवानगी दिली, तर ती का दिली हे एका ओळीतही लिहावं लागत नाही. एक कलम सोडून पुढे ४७ वं कलम अपिलाचं. आदेश मान्य नसेल तर ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं, पण ते फक्त अर्जदाराला. ज्याच्या खिडकीसमोर बावीस मजले उभे राहणार आहेत त्याला हे दार उघडत नाही.

म्हणजे बांधकाम परवानगी हा अर्जदार आणि महापालिका या दोघांमधला व्यवहार, अशी कायद्याची धारणा आहे. शेजारी, गल्ली, वॉर्ड, पाण्याची लाइन हे त्या व्यवहारात कुठेच पक्षकार नाहीत. जागेला पत्रे ठोकले गेले, आत पोकलेन आला आणि बाहेर प्रकल्पाचा फलक लागला, की आजूबाजूच्यांना बातमी कळते. तोवर सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला, मिळालेली असते. 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' या तक्रारीला वॉर्ड ऑफिसात जे उत्तर मिळतं ते कायद्याने अगदी बरोबर असतं: विचारायची तरतूदच नाही.

ही तरतूद हवी, असं माझं म्हणणं आहे. सगळ्या बांधकामांना नको, मोठ्या बांधकामांना हवी. आणि ती शेजाऱ्यांचे लाड पुरवण्यासाठी नको. जे प्रश्न परवानगीच्या टेबलावर विचारले जात नाहीत ते मिटत नाहीत, पाच-सात वर्षांनी हायकोर्टात जाऊन पोहोचतात आणि तिथे त्यांची उत्तरं फार आडदांड मिळतात, म्हणून हवी.

आधी टेबलावर काय होतं ते पाहू. विकसकाचा आर्किटेक्ट नकाशे ऑनलाइन टाकतो. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, झोन दाखला. सॉफ्टवेअर साइड मार्जिन, उंची, पार्किंग, एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा) तपासतं. अग्निशमन, उद्यान, ड्रेनेज, पाणीपुरवठा यांच्या ना हरकती लागतात. फाइल बांधकाम निरीक्षकाकडून उपअभियंत्याकडे, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे आणि प्रकल्प मोठा असेल तर शहर अभियंत्यापर्यंत चढते. चलन निघतं, पैसे भरले जातात, नकाशावर शिक्का बसतो. अर्ज आल्यापासून ६० दिवसांत महापालिकेने काहीच कळवलं नाही, तर नियमात बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असं कायदाच मानतो. निवडून आलेल्या नगरसेवकाचा यात कुठेही संबंध येत नाही, आणि निदान ही एक गोष्ट बरी आहे असं मी म्हणेन.

या सगळ्या तपासणीचा गाभा म्हणजे एक गणित आहे. मुंबई, एमआयडीसी आणि काही संवेदनशील भाग वगळून राज्यभर लागू झालेली एकत्रित नियमावली, युनिफाइड डीसीपीआर, डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्या मूळ तक्त्यानुसार महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेर, १,००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. समोरचा रस्ता नऊ मीटरहून अरुंद असेल तर एफएसआय १.१०. रस्ता नऊ मीटर भरला की प्रीमियम भरून ०.५० आणि टीडीआर (सार्वजनिक कामाला जमीन दिल्याबद्दल मिळणारा, विकता येणारा बांधकाम हक्क) घेऊन ०.४०, एकूण २. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्के अनुषंगिक क्षेत्र (बाल्कनी, जिने, लॉबी वगैरे), अर्थात तेही पैसे भरून. पहिल्या प्लॉटवर १,७६० चौरस मीटर बांधता येतं, दुसऱ्यावर ३,२००. रस्ता तीस मीटरचा असेल तर ४,८००. जमीन तेवढीच, पण समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बांधकाम जवळजवळ दुप्पट-तिप्पट होतं.

आता कुणालाही विचारावंसं वाटेल, की ही रुंदी मोजायची कुठे? गल्लीत टेप लावून, की नकाशावर? उत्तर नकाशावर असं आहे, आणि त्यामुळे काय होतं याचा नमुना पुण्यात पाहायला मिळाला. २०१६ च्या टीडीआर धोरणाने नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर वापरायला मनाई केली. जुन्या सोसायट्यांमधले रस्ते सहा मीटरचे, त्यामुळे तिथले पुनर्विकास अडकले. रहिवाशांची अडचण खरी होती. लिफ्ट नसलेल्या, गळक्या इमारतींत म्हातारी माणसं चार जिने चढत होती. तोडगा म्हणून २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीत आला, महापालिका अधिनियमाच्या २१० व्या कलमाखाली, रस्त्याची रेषा आखून. रेषा आखली की कागदावर रस्ता नऊ मीटर होतो. प्रत्यक्षात जो प्लॉट पुनर्विकासाला जाईल तो दीड मीटर मागे सरकतो आणि त्याच्या शेजारच्या दोन भिंती होत्या तिथेच राहतात. म्हणजे आग लागली तर बंब रस्ता सुरू होतो तिथेच अडकणार, पण बांधकाम मोजताना रस्ता नऊ मीटरचाच धरायचा. तेव्हा यावर बरीच ओरड झाली. पण ती धोरणावर होती. एखाद्या विशिष्ट प्लॉटची फाइल टेबलावर असताना 'साहेब, हा रस्ता कोपऱ्यावर साडेपाच मीटर आहे, या आणि मोजा' असं म्हणण्याची अधिकृत जागा तेव्हाही नव्हती, आताही नाही.

यावर नगररचना खात्यातला कुणीही जाणकार माणूस एक उत्तर देतो आणि ते टाळता येण्यासारखं नाही. तो म्हणतो, लोकांना विचारतो की आम्ही, विकास आराखड्याच्या वेळी. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात, नियोजन समिती सुनावणी घेते. कुठे निवासी, कुठे हरित, कुठला रस्ता किती मीटर, हे तेव्हा ठरतं. एकदा ठरलं की त्यात बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळणं हा मालकाचा हक्क. प्रत्येक इमारतीला पुन्हा गावभर विचारत बसायचं, तर आराखडा हवाच कशाला?

तत्त्व म्हणून हे मला पटतं. पण आराखड्याचं आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठीचा. ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या. महापालिकेला तो मुदतीत पुरा करता आला नाही म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने काढून घेतला आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीसपैकी दहा वर्षं संपल्यावर. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा तर चुकांच्या डोंगरामुळे मुख्यमंत्र्यांना रद्द करून नव्याने करायला सांगावा लागला. आणि आराखडा मंजूर झाल्यावरही तो स्थिर राहत नाही. कलम ३७ खाली त्यात फेरबदल होतात, आरक्षणं बदलतात, आणि २०२० सारखी एक नियमावली येऊन साऱ्या राज्यातला चटई क्षेत्राचा हिशोबच बदलते. तिच्याही मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, हे खरं. पण शेकडो पानी मसुद्याचा आपल्या गल्लीवर काय परिणाम होईल हे कोथरूडच्या किंवा नाशिकच्या गंगापूर रोडच्या माणसाला कळावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. माणसाला आपल्या शेजारचा प्लॉट कळतो. नेमकं तिथेच त्याला बोलायला मनाई आहे.

मग हे बोलणं कुठे जातं? कोर्टात जातं. बाणेर-बालेवाडीत इमारती उभ्या राहिल्या, पाणी आलं नाही, टँकरच्या रांगा लागल्या. २०१६ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि त्या भागातल्या नव्या बांधकामांनाच काही काळ चाप बसला. पुढच्या वर्षी ठाण्यात घोडबंदर रोडवर तेच. प्रश्न पुन्हा पाण्याचाच. मुंबईत फेब्रुवारी २०१६ मध्ये हायकोर्टाने कचरा टाकायला जागा नाही म्हणून नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या आणि त्यात सवलत मिळाली ती सुप्रीम कोर्टातून, मार्च २०१८ मध्ये. दोन वर्षं. या दोन वर्षांत ज्याचा प्रकल्प नीट होता तोही अडकला, ज्याने बुकिंगचे पैसे भरले होते तोही भाड्याच्या घरात हप्ते मोजत बसला. या आदेशांबद्दल न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे एक इमारत नसतेच, आख्खा भाग असतो आणि हातात फक्त होय-नाहीचं बटण. पाणी पुरणार आहे का, हा प्रश्न इमारतीगणिक, आकड्यांनिशी, आधी विचारायचा होता. आधी काय होतं, तर विकसकाकडून हमीपत्र घेतलं जातं, की महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत आम्ही आमची सोय करू. ती सोय म्हणजे टँकर. इमारत भरल्यावर बिल्डर पुढच्या प्रकल्पाला जातो आणि त्याने दिलेली हमी सोसायटीच्या मेंटेनन्समधून फेडली जाते.

या सगळ्याचा उगम जिथे आहे त्या इंग्लंडकडे एकदा पाहायला हवं. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा भारतातला पहिला, आणि तो १९०९ च्या ब्रिटिश कायद्याच्या वळणावर बेतलेला. पुढे तिकडे १९४७ साली जमिनीवर बांधण्याचा हक्कच मालकाकडून काढून घेतला गेला. प्रत्येक विकासाला स्थानिक कौन्सिलची परवानगी, आणि ती देताना सार्वजनिक विचारविनिमय. लंडनच्या आसपास राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला, मागच्या अंगणात खोली काढायची तरी शेजाऱ्याच्या दारात कौन्सिलचं पत्र जाऊ शकतं, हे ठाऊक असतं. जागेवरच्या विजेच्या खांबाला नोटीस लागते. २१ दिवस लेखी म्हणणं देता येतं. नकाशे, वाहतुकीचा अहवाल, लोकांची पत्रं, सगळं कौन्सिलच्या संकेतस्थळावर. लहान अर्जाला आठ आठवडे, मोठ्याला तेरा, अशी मुदत. बहुतेक अर्ज अधिकारीच निकाली काढतात. मोठे आणि वादग्रस्त तेवढे नगरसेवकांच्या समितीपुढे जातात, तिथे हरकत घेणाऱ्याला दोन-तीन मिनिटं बोलता येतं. काय ऐकायचं आणि काय नाही याचेही दंडक आहेत. उजेड अडतो, रहदारी वाढते, पाणी तुंबतं हे ऐकलं जातं. माझ्या घराची किंमत पडते किंवा बाल्कनीतून दिसणारी टेकडी झाकली जाते, हे ऐकलं जात नाही. आपल्याकडच्या अर्ध्या हरकती या एका नियमाने बाद होतील!

पण तिकडचा सगळा बाडबिस्तरा उचलून आणावा असं मी म्हणत नाही. आराखड्यात बसणारा प्रस्तावही तिथे समिती नाकारू शकते, आणि 'घरं हवीत, पण आमच्या गल्लीत नकोत' म्हणणारा मध्यमवर्ग या सत्तेचा पुरेपूर वापर करतो. त्याची किंमत तिथली तरुण पिढी महाग भाड्याने मोजते. आताचं लेबर सरकार पाच वर्षांत १५ लाख घरांचं लक्ष्य घेऊन आलं आणि अशा समित्यांचे हात आवळायला निघालं, ते उगीच नाही. त्यातून आपल्याकडे परवानगी देण्या-न देण्याचा विवेकाधिकार नगरसेवकांच्या समितीला दिला, तर त्या समितीवर जायला किती बोली लागेल याची कल्पनाच केलेली बरी. स्थायी समितीचा अनुभव आपल्याला आहे. २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं बहुतेक महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या, म्हणून लोकप्रतिनिधींच्या कारभाराच्या आठवणी थोड्या धूसर झाल्या असतील, इतकंच.

विवेकाधिकार सैल सोडला की काय होतं ते गोव्यात दिसलं. तिथल्या नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये घातलेल्या १७ (२) या पोटकलमाखाली प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर शेतजमिनी, उतार, बागायती सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे बांधकामाला मोकळ्या भागात, जाऊ लागल्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. हे ज्या राज्यात घडलं तिथे २००७ च्या जानेवारीत लोकांनी रस्त्यावर उतरून आख्खा प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यायला लावला होता. एवढी जागरूक माणसं असूनही एकेका सर्व्हे नंबरचे निर्णय त्यांच्या डोळ्यांआडून गेलेच.

म्हणून मला वाटतं, नियम नियमच राहावेत, गणित गणितच राहावं. परवानगी हा मालकाचा हक्कही राहू द्या. फक्त ते गणित ज्या आकड्यांवर उभं आहे ते आकडे खरे आहेत का, हे परवानगी देण्याआधी उघड्यावर तपासलं जावं. रस्ता किती मीटर आहे, नाला नकाशात आहे का, पाण्याच्या लाइनचा व्यास काय, त्या टाकीवर आधीच किती फ्लॅट जोडलेत, जुनं वडाचं झाड नकाशात दाखवलंय का. शेजाऱ्याला यात मत द्यायचं नाही, माहिती द्यायची आहे. आणि ती महापालिकेच्या निरीक्षकापेक्षा त्याच्याकडे जास्त असते, कारण दर पावसाळ्यात तिथल्या गुडघाभर पाण्यातून तोच जातो.

पद्धत साधी ठेवता येईल. ठरावीक आकाराच्या वरच्या प्रस्तावांसाठी, समजा २०,००० चौरस मीटरच्या वर, अर्ज आल्याबरोबर जागेवर फलक आणि नकाशे संकेतस्थळावर. २१ दिवसांत लेखी हरकती, फक्त वस्तुस्थितीबद्दल. परवानगीच्या आदेशात प्रत्येक मुद्द्याला एक-दोन ओळींचं उत्तर, खाली अधिकाऱ्याचं नाव. २०,००० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार इथूनच बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या प्रक्रियेत जनसुनावणी असते ना, असं कुणी म्हणेल. धरणाला असते, खाणीला असते. इमारती आणि टाउनशिप यांना त्याच अधिसूचनेने सर्वसाधारणपणे जनसुनावणीतून वगळलं आहे. उलट टोकाला, युनिफाइड डीसीपीआरने १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला जवळपास मोकळं सोडलं, ३०० पर्यंतच्यांना दहा दिवसांत परवाना देऊ केला, कारण धोका कमी. धोका पाहून तपासणी सैल करायची हे आपण मान्य केलंच आहे. धोका पाहून ती घट्ट करण्याचा भाग तेवढा राहून गेला.

विलंब होईल, हा आक्षेप २१ दिवसांपुरता खरा आहे. कायद्याच्या ६० दिवसांत ते बसतात, आणि तेव्हा फाइल तशीही कुठल्या ना कुठल्या खात्याच्या ना हरकतीसाठी थांबलेली असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हरकतीचा धंदा होईल. आजही होतो. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, नकाशे मिळवायचे, बिल्डरला फोन करायचा आणि 'बसून बोलू' म्हणायचं, हा उद्योग प्रत्येक शहरात चालतो, त्यात कधी एखादा माजी नगरसेवक असतो, कधी स्वयंघोषित कार्यकर्ता. पण हा धंदा कशावर चालतो? जे इतरांना माहीत नाही ते मला माहीत आहे, यावर. नकाशे सगळ्यांसमोर असतील, हरकत नावानिशी नोंदलेली असेल आणि ठरल्या तारखेला तिला लेखी उत्तर मिळणार असेल, तर विकायला हातात उरतं काय? मागे घेतलेल्या हरकतीलाही आदेशात उत्तर देणं बंधनकारक करा, मग तडजोडीचा भावच पडेल.

नकाशे लपवण्याने काय होतं याचं देशातलं सर्वांत महाग उदाहरण नोएडाचं आहे. सुपरटेकच्या एमराल्ड कोर्टमधल्या रहिवाशांना समोर दोन टॉवर चढताना दिसत होते. त्यांनी प्राधिकरणाकडे मंजूर नकाशे मागितले. प्राधिकरणाने काय करावं? बिल्डरला विचारलं, देऊ का? बिल्डर नाही म्हणाला, आणि नकाशे दिले गेले नाहीत. दोन इमारतींमधल्या किमान अंतराचा साधा नियम मोडला होता. टेप घेऊन कुणालाही दाखवता आला असता. रहिवासी अलाहाबाद हायकोर्टात गेले, २०१४ मध्ये जिंकले, ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टातही जिंकले आणि २८ ऑगस्ट २०२२ ला ते टॉवर स्फोटकांनी पाडले गेले. सारा देश टीव्हीवर ते पाहत होता. नकाशाची एक प्रत वेळेवर मिळाली असती तर सिमेंटचं एक पोतंही वाया गेलं नसतं.

आज महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे पाहता येतात, आणि २०१६ च्या रेरा कायद्याने दोन तृतीयांश ग्राहकांच्या संमतीशिवाय प्रकल्पाच्या आराखड्यात बदल करायला बंदी घातली आहे. ही मोठी सुधारणा आहे. पण हे संरक्षण फ्लॅट घेणाऱ्याचं आहे, शेजारच्याचं नव्हे, आणि ते सुरू होतं परवानगी मिळाल्यानंतर.

फलक आणि संकेतस्थळ या दोन गोष्टींना कायदा बदलण्याचीही गरज नाही. राज्य शासन एमआरटीपीच्या १५४ व्या कलमाखाली महापालिकांना निर्देश देऊ शकतं, आणि एखाद्या आयुक्ताने मनावर घेतलं तर परिपत्रकानेही सुरुवात होईल. विरोध होईल तो तिसऱ्या गोष्टीला, आदेशात कारणं लिहिण्याला. आणि तो बिल्डरांपेक्षा खात्यातून जास्त होईल. 'रस्ता प्रत्यक्ष मोजला, नऊ मीटर भरला' असं स्वतःच्या नावाने लिहिल्यावर पुढे तो साडेपाच निघाला, तर जबाब कुणी द्यायचा हे मग शोधावं लागत नाही. आज शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते सापडत नाही.